अत्तम्मांचा अंगठा

अत्तम्मांनी काचेवर अंगठा ठेवला. लाल दिवा. शेजारचं बोट ठेवलं. पुन्हा लाल. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मावशी, बोटं पदराला पुसा नि जोरात दाबा." त्यांनी पुसली, दाबली. दहाही बोटं करून झाली. मशीनच्या लेखी माझ्या सासूबाईंना बोटंच नव्हती.

त्या बोटांनी चाळीस वर्षं विड्या वळल्यात. पान भिजवायचं, पत्र्याचा साचा ठेवून कातरीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा आणि टोक आत दुमडून दाबायचं. दिवसाला हजार विड्या म्हणजे हजारदा तेच. घरी येऊन मी उजेडात त्यांचा अंगठा नीट पाहिला. टाकी लावायला आलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत.

मी मूळची बार्शीची. नवरा पद्मशाली, घरात तेलुगू. लग्नाला आठ वर्षं झाली, पण मला तेलुगू ऐकून निम्मंच कळतं आणि बोलायला गेले तर चार वाक्यांत संपतं. अत्तम्मांची मराठी भाजीबाजारापुरती. आम्हा दोघींचं जमतं ते बरंचसं हातवाऱ्यांवर आणि एकमेकींना माहीत असलेल्या कामांवर. दोन वर्षांपूर्वी साखर पेठेतलं भाड्याचं घर सोडून आम्ही जुळे सोलापूरला फ्लॅट घेतला. नवऱ्याला कंपनी जवळ, मुलीला शाळा जवळ, पाण्याचीही तिथल्यापेक्षा बरी सोय. अत्तम्मांना काय जवळ, हे आम्ही कुणी मोजलंच नाही.

त्यांना भविष्यनिर्वाह निधीची पेन्शन मिळते. कागदावर तिला ईपीएस-९५ म्हणतात. २०१४ साली किमान रक्कम महिना हजार रुपये ठरली आणि अत्तम्मांना तेवढीच येते. हजारात काय होतं असं कुणीही म्हणेल, पण नातीला यात्रेत बांगड्या घेताना त्या माझ्याकडे किंवा मुलाकडे बघत नाहीत, एवढं त्यात होतं. ती दोन महिने आली नाही. मला कळलं तिसऱ्या महिन्यात, तेही त्या गप्प गप्प असतात म्हणून मीच पासबुक भरून आणलं तेव्हा. हयातीचा दाखला, म्हणजे पेन्शन घेणारी जिवंत आहे याचा पुरावा, संपला होता.

गंमत म्हणजे साखर पेठेत असताना हा दाखला कसा होतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. तिथं गल्लीत एक बाई होत्या. नोव्हेंबर आला की त्या पेन्शनवाल्या सगळ्यांना गोळा करून घेऊन जायच्या, आणि कुठं नि कशाला हे विचारायची कुणाला गरज पडायची नाही. रेशन आलंय का, सिव्हिलला कुठल्या खिडकीवर आधी बसायचं, पोराच्या स्कॉलरशिपचा फॉर्म कोण भरून देतो, हे सगळं ओट्यावर तेलुगूत फिरायचं. आम्ही घर बदललं तेव्हा भांडी आणली, कपाट आणलं, देवघर आणलं. गल्ली तिथंच राहिली.

तर मग मी निघाले.

बोटं उमटत नाहीत म्हटल्यावर दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांचं मशीन लावलं. "मागच्या वेळी असाच दिवा मारला होता डोळ्यात," असं काहीसं अत्तम्मा म्हणाल्या. पण या वेळी तेही घेईना. तिथली मुलगी म्हणाली, मोतीबिंदू असेल, बुबुळ नीट दिसत नाहीये. आम्हाला घरात राहून ते कळलं नव्हतं, मशीनला कळलं. आधार केंद्रावर जाऊन बोटं पुन्हा नोंदवा असा सल्ला मिळाला. तिथं एक सकाळ गेली आणि बोटं होती तशीच राहिली. पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, हेही तिथल्याच रांगेत कळलं. पण आमच्या भागात आलेल्या पोस्टमनकडेही बोटाचंच मशीन.

ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या नंबरवर फोन केला. सकाळी आठ ते रात्री आठ चालतो, पैसे पडत नाहीत. पलीकडची मुलगी शांतपणे ऐकून घेणारी होती. ती म्हणाली, "आजींना फोन देता का? त्यांच्याकडूनच ऐकते." मी दिला. अत्तम्मांनी तो कानाला लावला, दोनदा "हां, हां" म्हणाल्या आणि परत माझ्या हातात ठेवला. मग पुढचं सगळं मीच बोलले. त्या वेळी मला त्यात काहीच खटकलं नाही.

नावाचं लचांड वेगळंच. पेन्शनच्या कागदावर नावापुढे 'अव्वा', आधारवर 'बाई', रेशनकार्डावर नुसतं नाव. शिवाय तेलुगूत आडनाव आधी लिहितात, 'इंटि पेरु' म्हणजे घराचं नाव. ते कुणीतरी एका कागदावर पहिलं नाव समजून टाकलेलं. तीन कागदांवर तीन बायका. एका एजंटानं यासाठी दीड हजार सांगितले. दीड महिन्याची पेन्शन!

मी न्यायालयात जायला कचरत होते, पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय तिथंच आवारात असतं आणि १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. त्यांचा नंबर १५१००. तिथले स्वयंसेवक काका सोलापुरी ठसक्यात म्हणाले, "एकच बाई हाय म्हणून प्रतिज्ञापत्र करायचं, झालं. घाबरायलाव कशाला?" एका दुपारचं काम निघालं. त्यांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमात लिहिलंय की गाऱ्हाणं मांडायचं असेल तर देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत अर्ज देता येतो. म्हणजे अत्तम्मा तेलुगूतून अर्ज देऊ शकतात. मला भारी वाटलं ऐकून. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, त्यांना तेलुगू लिहिताही येत नाही. त्या अंगठा करतात, आणि अंगठा तर असा.

ज्या शहरात महापालिकेच्या शाळा मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमांतून भरतात, तिथं चौकशीच्या खिडकीवर मात्र पाटी एकाच भाषेत, आणि तीही सरकारी मराठीत. 'संबंधितांनी विहित नमुन्यात' वाचून मला बार्शीच्या मुलीलाही दोन मिनिटं थांबावं लागतं.

प्रतिज्ञापत्र झालं तरी दाखला बाकीच होता. शेवटी अत्तम्माच एका सकाळी साडी बदलून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पूर्व भाग." म्हणजे आमच्या जुन्या गल्लीकडची, तेलुगू वस्ती. बस्स, एवढंच. शेअर रिक्षानं सात रस्ता, तिथून दुसरी. अशोक चौक ओलांडल्यावर त्यांची पाठ सरळ झाली, हे मी शेजारी बसून पाहिलं. कुठं वळायचं ते आता त्या सांगत होत्या. रिक्षावाल्यालाही तेलुगूत.

एका विडी युनियनचं ऑफिस. पत्र्याच्या खुर्च्या, भिंतीवर मोर्चाचे फोटो, टेबलामागे पन्नाशीच्या एक बाई. मी पिशवीतून फाइल काढून सांगायला सुरुवात केली तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि अत्तम्मांकडे वळून विचारलं, "एम् कावाले, अव्वा?" काय पाहिजे?

अत्तम्मा बोलायला लागल्या. दहा मिनिटं, कदाचित जास्तच. आठ वर्षांत मी त्यांना सलग एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. मला मधलेमधले शब्द कळत होते: घर, दार, लिफ्ट, माझ्या मुलीचं नाव. 'पेन्शन' हा शब्द एकदाच आला. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि त्या बाई हसल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणतात, सून चांगली आहे. पण लोक विचारतात मला आणि उत्तर देते ही."

मी फाइल मांडीवर घेऊन बसले. वाईट वाटलं, रागही आला थोडा. एवढी उन्हातान्हात फिरतेय मी! पण खोटं कुठं होतं त्यात?

बाकीचं त्या बाईंनी मराठीत उलगडून सांगितलं. दुपारी फ्लॅटचं दार लावलेलं असतं. समोरचे चांगले आहेत पण कन्नड बोलतात, वरचे मराठी. ज्येष्ठ नागरिक संघात मी हौसेनं नाव घातलं होतं, तिथं हरिपाठ आणि व्याख्यानं होतात. अत्तम्मा टाळ्या वाजवायची वेळ शेजारणीकडे बघून ओळखतात. संध्याकाळी दिव्याभोवती त्यांना वर्तुळ दिसतं. जिना उतरताना भीती वाटते. हे सगळं त्यांनी आम्हाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायला लागणारी मराठी त्यांच्याकडे नाही आणि ते ऐकायला लागणारी तेलुगू माझ्याकडे नाही. नवऱ्याकडे आहे, पण तो रात्री नऊला येतो आणि "जेवलीस का?" एवढंच विचारतो.

दाखल्याचं उत्तर त्या बाईंनी अर्ध्या मिनिटात दिलं. बोट नको, बुबुळ नको, चेहरा दाखवायचा. साध्या अँड्रॉइड फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही दोन ॲप टाकायची; आधार नंबर, पेन्शनचा पीपीओ (म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) नंबर, बँक खातं आणि मोबाइल नंबर जवळ ठेवायचा. ईपीएसवाल्यांना ही सोय २०२२ पासून आहे. आणि नोव्हेंबरचीच वाट बघायची नाही. ईपीएसचा दाखला कुठल्याही महिन्यात देता येतो, दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. मी महिनाभर ज्या मशीनच्या मागे हिंडत होते ते माझ्या पर्समध्ये होतं.

उठताना मी सहज म्हणाले, घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना पीएफ मिळतो हेच मला लग्नाआधी माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "सहज नाही मिळाला. कारखान्याबाहेर काम करतात, मग या कामगार कशा, असं मालक म्हणायचे. सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं ते. १९८५ ला निकाल लागला, घरी वळणारीही कामगारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत, चांगल्या उजेडात, मी अत्तम्मांना स्टुलावर बसवलं. ॲप डोळे मिटून उघडायला सांगत होतं. आदल्या रात्री मी फोनवरच भाषांतर करून शब्द पाठ केला होता: 'कळ्ळु' म्हणजे डोळे. मी ऐटीत म्हणाले. अत्तम्मांनी पटकन दोन्ही पाय स्टुलाखाली ओढून घेतले. मी पुन्हा म्हणाले, त्यांनी पायावर साडी सारखी केली. आतून मुलगी ओरडली, "आई, तू पाय म्हणतेयस!" 'काळ्ळु' म्हणजे पाय. आणि आमच्या घरात डोळ्यांना तसंही 'कंड्लु' म्हणतात, तेलंगणातून आलेल्यांची बोली. फोनला ती कुठून येणार? अत्तम्मा तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, तोंड झाकल्यामुळे चेहरा गेला, पुन्हा सुरुवात. चौथ्या खेपेला हिरवं वर्तुळ पूर्ण झालं आणि प्रमाण क्रमांकाचा मेसेज आला. थकलेल्या महिन्यांसकट पेन्शन नंतर जमा झाली.

मोतीबिंदूसाठी सिव्हिलला गेलो. युनियनमधल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, तपासताना तुम्ही मध्ये बोलू नका. मी बाहेर बाकावर बसले. आतली सिस्टर तेलुगू बोलणारी निघाली की नाही मला माहीत नाही, पण अत्तम्मा बाहेर आल्या त्या तारीख घेऊन. त्यांनीच ती मला सांगितली, मराठीत. ऑपरेशन एका डोळ्याचं झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.

आता दर मंगळवारी त्या पूर्व भागात जातात. कधी जुन्या गल्लीत, कधी कुंभारीजवळ विडी घरकुलात बहिणीकडे. ती दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांसाठीच उभी राहिली, तिथं दुपारी कुठल्याही दारात बसलं तरी चालतं. रिक्षाचे जाऊन-येऊन पैसे बरेच होतात. पेन्शनमधूनच जातात. नवरा एकदा म्हणाला, "मग उरतं काय?" अत्तम्मांनी त्याला तेलुगूत काहीतरी सुनावलं, ते मला पूर्ण कळलं.

गेल्या मंगळवारी त्यांनी मलाही नेलं. फोन चार्ज करून घे म्हणाल्या. जुन्या गल्लीत ओट्यावर बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात आधार, पासबुक, पीपीओ. पूर्वी सगळ्यांना घेऊन जाणाऱ्या बाई आता मुलाकडे पुण्याला गेल्यात. मी ओट्याच्या कडेला बसले, अत्तम्मा शेजारी. काय करायचं ते त्याच एकेकीला सांगत होत्या, मी फक्त फोन धरत होते. सात जणींचं झालं. आठवीच्या पीपीओवर 'अव्वा' आणि आधारवर 'बाई' निघालं. तिला घेऊन गुरुवारी कोर्टात जायचंय.