एसओएस लिहिताय ना, मग पूर्ण लिहा

सायकियाट्रीच्या वॉर्डात काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, ट्रीटमेंट शीटवर सगळ्यात खाली काय असतं, ती सांगेल "सेरेनेस-फेनर्गन एसओएस", म्हणजे पेशंटला शांत करायची ही दोन औषधं (हॅलोपेरिडॉल आणि प्रोमेथाझिन) गरज पडली तर द्या. बस्स एवढंच. कशासाठी द्यायचं, परत किती तासांनी, चोवीस तासात जास्तीत जास्त किती, काही म्हणजे काही नाही. मग रात्री दोन वाजता पेशंट ओरडायला लागला की ठरवायचं कोणी, तर ड्युटीवर एकट्या असलेल्या सिस्टरने.

औषधाला माझा विरोध नाहीये. हॅलोपेरिडॉल-प्रोमेथाझिनची ट्रायल आपल्याकडेच वेल्लोरला झाली, २००४ ला छापून आली, लोराझेपाम या शांत करणाऱ्या दुसऱ्या औषधापेक्षा पेशंट लवकर शांत झाले. प्रॉब्लेम अर्धवट ऑर्डरचा आहे.

आता बघा, पेशंट येरझारा घालतोय, बसला तरी पाय थांबत नाहीत, "सिस्टर आतून कसंतरी होतंय" म्हणतोय, शीटवर लिहिलंय अस्वस्थ असेल तर इंजेक्शन, दिलं. पण ही तळमळ त्या हॅलोपेरिडॉलमुळेच आलेली असू शकते, याला अकॅथिसिया म्हणतात, आणि मग अजून दिलं की अजून वाढते, की अजून एक इंजेक्शन! म्हणून नुसतं "अस्वस्थ" लिहून चालत नाही, नेमकं काय दिसलं तर द्यायचं ते लिहा आणि आधी पाय बघा.

दुसरं म्हणजे "गोळी किंवा इंजेक्शन ५ एमजी" एकाच ओळीत. हॅलोपेरिडॉलची गोळी साधारण ६०-७० टक्केच रक्तात पोचते, इंजेक्शन जवळजवळ सगळं, मग डोस सारखा कसा? शिवाय त्याच गटातलं रोजचं ओलान्झापिन चालू असतंच, दोन्ही मिळून किती झालं ही बेरीज कोणी करतच नाही.

मेंटल हेल्थकेअर ऍक्ट २०१७ चं कलम ९७ सांगतं की शिक्षा म्हणून किंवा स्टाफ कमी आहे म्हणून पेशंटला बांधता येणार नाही. ते बांधण्याबद्दल आहे, पण मला विचाराल तर सुईलाही तोच नियम हवा.

सकाळच्या राउंडला दोन मिनिटं द्या ना. काल एसओएस किती वेळा दिलं, का दिलं, फरक पडला का. रोजच लागत असेल तर मूळ ट्रीटमेंट बदलायला हवी, आठवडाभर लागलंच नसेल तर काट मारा. आणि पेशंट शांत असताना त्यालाच विचारा, तुला त्रास झाला की काय केलं तर बरं वाटतं, कोणी म्हणेल घरी फोन लावून द्या, कोणाला नुसतं बाजूला कोणी बसलेलं हवं असतं, ते त्याच शीटवर इंजेक्शनच्या वरच्या ओळीत लिहा.