सतरा टक्के

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातल्या त्या सकाळी दुकानातला आर्द्रतामापक १७ टक्के दाखवत होता. हा मापक मी दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तपासून घेतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचे, ते ओलसर होईल इतकेच पाणी त्यात घालायचे, झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे, आणि सकाळी आकडा ७५ च्या आसपास आला की यंत्रावर विश्वास ठेवायचा. त्यामुळे १७ हा आकडा खरा होता. सोलापुरात राहणाऱ्याला ऊन समजावून सांगावे लागत नाही. परंतु उन्हाबरोबर हवेतले पाणी किती जाते, याचा हिशेब फारसे कोणी ठेवत नाही. वाद्ये विकणारेही ठेवत नाहीत.

नवी पेठेजवळ माझे वाद्यदुरुस्तीचे छोटे दुकान आहे. मिरजेत तंबोऱ्याच्या एका कारागिराकडे मी दोन वर्षे काम शिकलो. तेव्हा वाटले होते की आयुष्य तंबोरे आणि सतारी यांच्यातच जाईल. आज माझ्या टेबलावर येणाऱ्या दहा वाद्यांपैकी सहा-सात गिटारी असतात. शब्द मात्र मिरजेचेच राहिले: गिटारच्या समोरच्या फळीला गिटारवाले टॉप म्हणतात, तिला मी अजून तबली म्हणतो, तिच्यावर तारा जेथे बांधतात त्या ब्रिजला घोडी म्हणतो आणि दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे फ्रेटना, पडदे.

अकराच्या सुमारास एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी आली. त्यांना मी येथे अण्णा म्हणेन, कारण दुकानातही मी तेच म्हणत होतो. अण्णा अशोक चौकाच्या बाजूला राहणारे, सूतगिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी बँकेत नोकरीला. दोघांच्या हातांत एकेक गिटार होती. एक ११ वर्षांपूर्वीची, प्लायच्या तबलीची, कापडी खोळीत. दुसरी जानेवारीत पुण्याहून आणलेली, सॉलिड स्प्रूसची, म्हणजे त्या सूचिपर्णी झाडाच्या एकसंध लाकडाची, तबली आणि शिसवी पाठ असलेली, ४६ हजारांची. ती मुलीने स्वतःच्या पगारातून चार वर्षे पैसे साठवून घेतली होती. हे सांगताना ती गिटारकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

“घरघर वाजायलीय बघा मालक,” अण्णा म्हणाले. “दुकानवाल्याला फोन केला तर म्हणतो, आतला रॉड फिरवा. इथल्या एकानं सांगितलं, पडदे घासावे लागतील. ही म्हणते, विकून टाकू.”

मी गिटार हातात घेतली आणि जाड तार छेडली. पाचव्या पडद्यापुढे प्रत्येक स्वरामागे एक करकर येत होती. तंबोऱ्याला नेमका असाच आवाज हवा असतो. घोडीच्या माथ्यावर तार किती लांबीपर्यंत घासत जावी, हे ठरवून ती करकर, म्हणजे जवारी, उघडायला मी मिरजेत कित्येक महिने शिकत होतो. गिटारवर तोच आवाज दोष ठरतो, कारण येथे तार सॅडलच्या, म्हणजे घोडीच्या खाचेत बसवलेल्या पट्टीच्या, एका बारीक रेषेवरून स्वच्छ सुटायला हवी आणि वाटेत कोठेही पडद्याला लागता कामा नये.

दोष शोधताना मी नेहमी दांडीपासून सुरुवात करतो. तार पहिल्या आणि चौदाव्या पडद्यावर दाबली की मधल्या भागात तिच्याखाली किती फट राहते, ते फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांनी, मोजायचे. ०.२ मिलिमीटर फट भरली. म्हणजे दांडी जशी असावी तशीच होती, आणि तिचा बाक कमी-जास्त करणारा आतला रॉड फिरवण्याचे काहीच कारण नव्हते. बाराव्या पडद्यावर मात्र जाड तारेची उंची जेमतेम १.३ मिलिमीटर होती. गिटारीबरोबर आलेल्या कार्डावर जानेवारीतली उंची लिहिलेली होती, २.३. दांडी हलली नाही आणि तारा एक मिलिमीटरने खाली आल्या, याचा अर्थ घोडीच खाली गेली होती.

मी पोलादी पट्टी तबलीवर आडवी ठेवली. सॉलिड तबलीच्या गिटारीत घोडीमागचा भाग किंचित घुमटासारखा वर असतो, त्यामुळे पट्टी मध्यावर टेकते आणि दोन्ही कडांना फट दिसते. येथे उलटे होते: पट्टी कडांवर टेकत होती आणि मध्ये उजेड दिसत होता. मग मी अंगठा दांडीच्या कडेवरून खालपासून वरपर्यंत फिरवला. पडद्यांची टोके करवतीच्या दातांसारखी बोचली. पडद्यांची धातू आकसत नाही, तिच्याखालची शिसवी पट्टी आकसते. गिटार बिघडलेली नव्हती, तहानलेली होती.

हे मी मुलीला समजावून सांगू लागलो. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते. ४० सेंटीमीटर रुंदीची, तीनेक मिलिमीटर जाडीची स्प्रूसची तबली ५० टक्क्यांच्या हवेतून २० टक्क्यांच्या हवेत आली की तिची दोन-अडीच मिलिमीटर रुंदी कमी व्हायला बघते. परंतु आतून तिला काटकोळ्या, म्हणजे आधाराच्या लाकडी पट्ट्या, चिकटवलेल्या असतात. तबलीखाली इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराच्या दोन मुख्य पट्ट्या असतात. ही रचना मार्टिनच्या कारखान्यात १८४० च्या दशकात वापरात आली आणि पोलादी तारांचा ताण पेलते म्हणून आजही बहुतेक गिटारींत टिकून आहे. या पट्ट्या तबलीला मोकळेपणाने आकसू देत नाहीत. मग घुमट बसतो, आणि त्यानंतरही हवा कोरडीच राहिली तर तबली रेषेत फुटते. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे एकाला आकसायचे असले तरी दुसरा धरून ठेवतो. म्हणून तिची ११ वर्षांची गिटार उन्हाळ्यांमागून उन्हाळे काढून शाबूत होती.

मी एवढे बोललो आणि अण्णांनी मान हलवली. “म्हणजे सुताचंच दुखणं हाय की हे,” ते म्हणाले. “कताईखात्यात ५५-६० टक्के ओल ठेवायला लागायची, विणकामाला त्याच्याहून जास्त. ओल कमी झाली की धागा पटापटा तुटायचा. त्यासाठी वेगळा प्लांटच होता आमच्याकडं.” ज्या गोष्टीसाठी मी ग्राहकांना अर्धा-अर्धा तास समजावतो आणि तरी ते ‘लाकूडच ते, त्याला काय होतंय’ असे म्हणून निघून जातात, ती गोष्ट या माणसाने ३० वर्षे नोकरी म्हणून सांभाळली होती.

मी विचारले, गिटार कोठे ठेवता? वरच्या मजल्यावर, स्लॅबखालच्या खोलीत, भिंतीवर टांगून. यंदा त्या खोलीत एसी बसवला होता. एसी हवेतले उरलेले पाणीही काढून घेतो. पुण्यात ४६ हजार मोजून घेताना मुलीला लाकूड, आकार, तारा सगळे विचारले गेले होते. ही गिटार कोणत्या गावात, कोणत्या खोलीत राहणार आहे, हे कोणीच विचारले नव्हते. याचा मला राग आला. परंतु तो राग पूर्णपणे दुसऱ्यावर काढण्याचा अधिकार मला नाही.

सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी अशीच घरघरणारी गिटार घेऊन आला होता. मी पडदे घासले आणि उंच सॅडल बसवले. गिटार सुरेख वाजू लागली, त्याने आनंदाने पैसे दिले. जुलैमध्ये हवा ओली झाली, तबली पुन्हा उठली, तारा साडेतीन मिलिमीटरवर गेल्या आणि बोटे दुखू लागली. तो माझ्याकडे परत आला नाही. गिटार खराब निघाली असे समजून त्याने ती कमी किमतीत विकली, हे मला त्याच्या मित्राकडून कळले. घासून टाकलेल्या पडद्यांची धातू परत येत नाही. त्या मुलाची गिटार मी बिघडवली होती, आणि हे मला तेव्हा समजलेही नव्हते.

म्हणून त्या दिवशी नव्या गिटारला मी कानसही लावली नाही. तारा अर्ध्या स्वराने उतरवल्या. साबणाच्या दोन प्लॅस्टिकच्या डब्यांना भोके पाडली, त्यांत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवला. एक डबा तबलीवरच्या गोल भोकाजवळ, एक खुंट्यांच्या बाजूला, असे ठेवून गिटार तिच्या कडक पेटीत बंद केली. दर दोन दिवसांनी स्पंज ओला करायचा, पाणी टपकता कामा नये, आणि १२ दिवसांनी घेऊन यायचे. “एवढंच?” मुलीने विचारले. तिच्या चेहऱ्यावर अविश्वास होता, आणि तो मला समजला. महागडी वस्तू बिघडली की माणसाला मोठे औषध हवे असते.

मग मी दुसरी खोळ उघडायला सांगितली, खरे तर केवळ कुतूहल म्हणून. जुन्या गिटारच्या बाराव्या पडद्यावर जाड तारेची उंची ३.६ मिलिमीटर होती. ११ वर्षे ही मुलगी त्या उंचीवर वाजवत होती. तिने डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर जाड घट्टे होते. क्लासमधल्या सरांनी सांगितले होते की गिटार शिकताना बोटे दुखायचीच. बोटे काही आठवडे दुखतात, हे खरे आहे. ११ वर्षे दुखत नाहीत. आपल्याकडे गिटार विकणारा खोक्यातून काढून ग्राहकाच्या हातात देतो, शिकवणारा तिच्यावर लगेच पहिला कॉर्ड शिकवतो, आणि तारांची उंची मोजणे हे दोघांपैकी कोणाचेच काम नसते. कारखाने उंची मुद्दाम थोडी जास्त ठेवून पाठवतात, कारण जास्तीची घासून काढता येते, कमी पडली तर घासून वाढवता येत नाही. ती काढण्यासाठीच मधला माणूस असतो. तोच आपल्या साखळीतून गायब आहे, आणि कितीतरी मुले पहिल्या सहा महिन्यांत गिटार सोडतात, त्यातली काही तरी याच एका कारणाने सोडत असावीत असे मला वाटते.

जुन्या गिटारचे काम मी त्याच दुपारी करायला घेतले. दुकान एक ते चार बंद असते. त्या दिवशी शटर अर्धे ओढून तिघेही आतच बसलो. आधी नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूची तारांच्या खाचांची पट्टी. तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की पहिल्या पडद्यावर तिच्याखाली कागद सरकेल इतकीच फट राहावी. येथे पोस्टकार्ड सरकत होते. सहाही खाचा त्या-त्या तारेच्या जाडीच्या कानशीने, दोन-दोन घाव देत आणि दर वेळी तार बसवून पाहत खाली आणल्या. खाच एकदा खोल गेली की नट बदलण्याशिवाय उपाय नसतो, म्हणून येथे घाई करणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. मग सॅडल. बाराव्या पडद्यावर उंची जितकी कमी करायची, त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावी लागते, कारण बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. ३.६ वरून २.४ वर यायचे, म्हणजे २.४ मिलिमीटर काढायचे. जुने पोकळ प्लॅस्टिकचे सॅडल घासण्याऐवजी मी हाडाचे नवे घडवले. काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर त्याचा तळ घासत राहिलो, जोवर तो घोडीच्या खाचेत कोठेही न डुलता बसला. माथ्याला प्रत्येक तारेसाठी वेगळा उतार दिला, म्हणजे वरचे स्वर बेसूर होणार नाहीत. शेवटी सर्वांत बारीक तार ०.०१२ इंचाची असलेला फॉस्फर ब्राँझ तारांचा संच चढवला. या सहा तारा मिळून तबलीवर ७० किलोपेक्षा जास्त ओढ देतात, म्हणजे एक प्रौढ माणूस त्या घोडीला अखंड लोंबकळत असतो.

मुलीने गिटार घेतली आणि एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात तो एफचा बार कॉर्ड धरला. सहाही तारा स्वच्छ बोलल्या. तिने तो पुन्हा धरला, पुन्हा वाजवला, आणि नंतर बराच वेळ काही न बोलता वाजवत राहिली. मध्येच थांबून तिने विचारले, “काका, हे ११ वर्षांपूर्वी का नाही कोणी केलं?” तारांसह ११०० रुपयांचे काम होते. अण्णांनी मान फिरवून पंख्याकडे पाहिले.

ते दोघे १२ दिवसांनी आले. पेटी उघडली तेव्हा पट्टी तबलीच्या मध्यावर टेकत होती, पडद्यांची टोके अंगठ्याला जवळजवळ लागत नव्हती, आणि बाराव्या पडद्यावर उंची २.१ होती. मी तारा पूर्ण चढवल्या आणि एक साधा जी कॉर्ड वाजवला. प्लायची गिटार कितीही नीट जुळवली तरी तिच्यातून हा आवाज येत नाही: स्वराच्या तळाशी खर्ज, वर काचेसारखी कड, आणि तार सोडल्यावरही तबलीत रेंगाळणारा श्वास. ही गिटार विकली गेली असती तर काय गेले असते, ते त्या एका स्वरात ऐकू येत होते.

मी समाधानाने मुलीकडे पाहिले. ती म्हणाली, “काका, पण पेटीत असली की हातात घेतली जात नाही. गेले १२ दिवस मी रोज जुनीच वाजवली. मग सोलापुरात चांगली गिटार ठेवूच नये का?”

माझ्याकडे तिला देण्यासारखे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. कोरड्या गावात प्लायची नीट जुळवलेली गिटार भिंतीवर टांगून रोज वाजवणे बरे, हे मी गेली दोन वर्षे लोकांना सांगत आलो आहे. तो जी ऐकल्यापासून ते मला तितक्या खात्रीने सांगता येत नाही. माझ्या हातून गेलेल्या सॉलिड तबलीच्या आठ-दहा गिटारी कोणाकोणाच्या स्लॅबखाली आहेत, याची यादी मी परवा वहीत काढली आणि पाच जणांना फोन केले. दोघांच्या गिटारी भिंतीवर होत्या. एकीला घोडीपासून खालपर्यंत चीर गेली आहे. ती पावसाळ्यात, चीर आपोआप मिटल्यावर, आतून स्प्रूसचे तुकडे लावून सांधायची आहे.

अण्णांनी मात्र वाट पाहिली नाही. एसी बंद करून त्यांनी मुलीच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा लावला आहे, त्यावर जुन्या कूलरचा पंप पाणी सोडतो, आणि ओल्या व कोरड्या नळीच्या तापमानांतल्या फरकावरून हवेतली ओल सांगणारा गिरणीतला थर्मामीटर भिंतीवर बसवला आहे. नवी गिटार पेटीबाहेर, वाळ्यापासून दूर, स्टँडवर उभी असते. रोज संध्याकाळी ते कोष्टकातून आकडा काढून मला फोनवर पाठवतात. काल त्यांच्याकडे ४१ होते, माझ्या दुकानात २३. पडद्यांची टोके आणि सॅडल यांना मी मृग लागून पाऊस स्थिरावेपर्यंत हात लावणार नाही. त्यासाठीचा हाडाचा तुकडा न घासता, तिचे नाव लिहून, खणात ठेवला आहे.