अर्जातला ‘इतर’ रकाना

इतिहासात एम.ए. झाले आणि त्याच सुमारास, नोव्हेंबर २०२२ मध्ये, चॅटजीपीटी आलं. नोकरीचे अर्ज भरायला बसले, तर ‘शाखा’ या रकान्यात बऱ्याच ठिकाणी कला हा पर्यायच नसे. ‘इतर’वर टिचकी मारायची आणि वाट बघायची. उत्तर आलंच तर इतकं गुळगुळीत, की तेही यंत्रानेच लिहिलेलं असावं.

सात-आठ महिन्यांनी एका कंपनीने चाचणीला बोलावलं. काम असं: एआयच्या दोन उत्तरांतलं बरं कोणतं ते ठरवायचं आणि का, ते लिहायचं. मॉडेलला वळण लावायला माणसांची ही पसंती वापरतात. माझ्या वाट्याला आलेलं एक उत्तर मध्ययुगीन युरोपवर होतं. भाषा सफाईदार, खाली पाच संदर्भ. मी मजकूर बाजूला ठेवून आधी संदर्भ उघडले, एम.ए.ला लागलेली खोड. तीन बरोबर निघाले. चौथं पुस्तक खरं, पण त्यात ते विधान नव्हतं. पाचवं पुस्तक कुणी लिहिलेलंच नव्हतं!

त्याच सुमारास, जून २०२३ मध्ये, न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलर दंड झाला होता. चॅटजीपीटीने रचलेले खटले त्यांनी कोर्टात दाखले म्हणून दिले होते. त्यामुळे मुलाखतीत पहिला प्रश्न आला, “ही तपासणी कुठे शिकलात?”

मी लोरेंझो वल्ला या पंधराव्या शतकातल्या इटालियन विद्वानाचं नाव घेतलं. सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेची सत्ता दिली, असं सांगणारं दानपत्र बनावट आहे, हे त्याने १४४० मध्ये दाखवलं, तेही बरंचसं भाषेवरून. चौथ्या शतकातला म्हणवणारा कागद, आणि त्यात रोमन दरबारात न शोभणारा ‘सत्रप’, म्हणजे इराणी सुभेदार! समोरच्या मॅडम रंगून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “पायथॉन येतं?”

ही प्रोग्रामिंगची भाषा. नव्हती येत. तिथेच घोडं अडलं. पदवीचं कौतुक झालं, काम नाही मिळालं. राग आला, पण त्यांचं चूक नव्हतं. हजारो उत्तरं हाताने चाळता येत नाहीत. दोन महिने रडतखडत पायथॉन शिकले, पुन्हा अर्ज केला, तेव्हा घेतलं.

करार सहा महिन्यांचाच आहे. सध्या तत्त्वज्ञानवाल्या एका सहकाऱ्याशी वाद चाललाय: खरं पण अर्धवट उत्तर बरं, की सविस्तर पण एका ठिकाणी चुकलेलं? तीन दिवस झाले, गुण अजून भरलेले नाहीत.