आवृत्तीचा रकाना नसलेला तक्ता

पुस्तक खरेदीच्या तुलनात्मक तक्त्यात अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, प्रती, छापील किंमत, सूट आणि निव्वळ रक्कम एवढे रकाने असतात. आवृत्तीचा नसतो. कादंबऱ्या किंवा चरित्रं घेताना याने काही बिघडत नाही. वेब पेजच्या कोडिंगची पुस्तकं घ्यायला निघालात, की या नसलेल्या रकान्यापायी फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही जातात. माझे गेले. राग अजून पुरता उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मी दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शिकवते. अकरावीला एचटीएमएल (वेब पेज लिहायची भाषा) आणि जावास्क्रिप्ट (ते पान हलतंबोलतं करणारी), बारावीला त्याचंच पुढचं आणि शिवाय सर्व्हरवर चालणारी पीएचपी. "आता पुस्तकं कशाला, सगळं नेटवर आहे," असं पुण्यातले नातेवाईक ऐकवतात. त्यांनी जुलैत इकडे येऊन राहावं. लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर इथल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही खाडीकाठच्या वाड्यांमधली मुलं रेंजसाठी घाटी चढून सड्यावर जातात. लॅबमध्ये शेजारी उघडून ठेवता येईल असं छापील संदर्भ पुस्तक आम्हाला लागतंच.

पुस्तकं पारखण्याचं काम मला आवडलं आणि ते भराभर झालं. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला अप्पा बळवंत चौकात उभ्या उभ्या चाळून यादी केली. पण ही पारख फसवी असते. या विषयातलं जुनं पुस्तक बंद पडत नाही, चालतं! फॉन्ट टॅग, सेंटर टॅग, पानभर टेबल टाकून केलेली मांडणी, अगदी उजवीकडून डावीकडे पळणारी मार्कीसुद्धा आजच्या ब्राउझरमध्ये दिसते, कारण जुनी संकेतस्थळं मोडू नयेत म्हणून ब्राउझर हे सगळं सांभाळून घेतात. काही चुकलंय अशी एकही सूचना मुलाला मिळत नाही. मग तेच पान तो मोबाइलवर उघडतो आणि अक्षरं वाचवत नाहीत. पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळच पुस्तकात नसते, आणि ती नसली की फोन पानाची रुंदी साधारण ९८० पिक्सेल धरतो आणि सगळं आक्रसून दाखवतो.

म्हणून मी पुस्तक मागून उघडते. शेवटच्या सूचीत फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड (पानाच्या मांडणीच्या नव्या पद्धती), व्ह्यूपोर्ट आणि यूटीएफ-८ (देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) शोधते. सूचीच नसेल तर ते संदर्भ पुस्तक नव्हे, कव्हर कितीही चकचकीत असो. ग्रिड मोठ्या ब्राउझरांमध्ये आलं मार्च २०१७ च्या सुमाराला, त्यामुळे त्यावर नीट प्रकरण असलेलं पुस्तक बहुधा त्यानंतरचं. यूटीएफ-८ इतरांना किरकोळ वाटेल. आमच्या मुलांची पानं मराठीत असतात, घरच्या होमस्टेचे दर, हापूसच्या पेट्या, वेळासचा कासव महोत्सव. ती एक ओळ राहिली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं उमटू शकतात. जुन्या मराठी पुस्तकांत तर ठरावीक फॉन्ट संगणकावर टाकून घ्या असं सांगितलेलं असतं. पाहणाऱ्याच्या फोनवर तो फॉन्ट कुठून येणार, याचा पत्ता नाही.

मुखपृष्ठावरच्या पाचाला भुलू नका. एचटीएमएल५ हे मानक ऑक्टोबर २०१४ मध्ये पक्कं झालं, पण तो आकडा मिरवणारी पुस्तकं त्याच्या किती तरी आधीपासून बाजारात होती. त्यांत गोल कोपऱ्यांची एकच ओळ -वेबकिट-, -मोझ- असे ब्राउझरागणिक वेगळे उपसर्ग लावून पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसते, आणि ऑफलाइन पानांसाठी ऍप्लिकेशन कॅशवर मोठ्या कौतुकाने प्रकरण असतं. ती सोय ब्राउझरांनी केव्हाच काढून टाकली. सहाव्या आकड्याची वाट बघत खरेदी लांबवण्यातही अर्थ नाही. २०१९ मध्ये डब्ल्यू३सी आणि व्हॉटडब्ल्यूजी या वेबची मानकं ठरवणाऱ्या दोन संस्थांनी करार करून एकच मानक ठरवलं. ते सतत सुधारत राहतं, त्याला आकडा नाही.

इथवर सगळं माझ्या हातात होतं. पुढे यादी संस्थेच्या कार्यालयात गेली.

मी प्रत्येक पुस्तकापुढे आवृत्ती आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लिहिला होता. कार्यालयाने यादी त्यांच्या नमुन्यात पुन्हा टाइप केली तेव्हा हे "जास्तीचे आकडे" गळाले. त्या गळालेल्या यादीला मंजुरी मिळाली, तीच तीन पुरवठादारांकडे कोटेशनसाठी गेली, आणि ज्याने ४० टक्के सूट लिहिली त्याला ऑर्डर मिळाली. यातलं काहीच मला कळलं नाही. कळलं ते खोका आल्यावर.

खोका उघडला तर वरच्याच पुस्तकाचा आयएसबीएन दहा आकडी. जानेवारी २००७ पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला. म्हणजे पुस्तक आत न बघताही कळत होतं की हे तेव्हाच्याही आधीचं. आत फ्रेमसेट या कधीच मोडीत निघालेल्या मांडणीवर वीस पानं. बाकीचीही बहुतेक आधीच्याच आवृत्त्यांची निघाली. नावं तीच, लेखक तेच. पुरवठादाराला फोन केला तर म्हणाला, "लेटेस्टच आहे मॅडम, आत वर्ष बघा." वर्ष अलीकडचं होतं खरं, पण पुनर्मुद्रणाचं. मजकूर बदलून नवी आवृत्ती निघाली की तिला नवा आयएसबीएन मिळतो. जुनाच मजकूर पुन्हा छापला तर आयएसबीएन तोच राहतो. कधी छापलं यापेक्षा हा आकडा बघा.

खरा पेच यापुढचा. बिल मंजूर व्हायला बिलावर "पुस्तके दाखल नोंदवहीत नोंदवली" असा दाखला आणि दाखल क्रमांक (त्या वहीत प्रत्येक प्रतीला पडणारा क्रमांक) लागतात. दाखल क्रमांक पडला की शीर्षक पानावर आणि ठरलेल्या गुप्त पानावर ग्रंथालयाचा शिक्का बसतो. शिक्का बसलेलं पुस्तक कुठलाही पुरवठादार परत घेत नाही. आणि कार्यालयाचं म्हणणं असं, की आधी नोंद करा, तक्रार असेल तर मग बघू. मग काय बघणार होते?

ग्रंथपाल सर बिचारे मधल्या मधे सापडले. त्यांनी शिक्का मारला नाही, मी खोका संगणक कक्षाच्या कपाटात ठेवून किल्ली पर्समध्ये टाकली आणि तालुक्याला कार्यालयात गेले. हिशेब बघणारे भाऊ वयाने मोठे, स्वभावाने वाईट नाहीत. चहा सांगितला.

"नाव तेच ना?"

"हो."

"लेखक तोच?"

"तोच, पण भाऊ, आवृत्ती जुनी आहे."

त्यांनी तक्ता माझ्याकडे फिरवला. "यात दाखवा मला आवृत्ती कुठे आहे."

मी लॅपटॉप नेला होता. त्या पुस्तकाप्रमाणे केलेलं पान आणि नव्या पद्धतीने केलेलं पान, दोन्ही त्यांच्याच फोनवर उघडून दाखवली. पहिल्यात होमस्टेचा दर दिसत नव्हता. भाऊंनी दोन बोटांनी पान मोठं केलं आणि म्हणाले, "दिसतंय की."

मग मी लेखी टिपण दिलं. मानक काय, व्ह्यूपोर्ट काय, मुलांचं नुकसान काय, सगळं मुद्देसूद. त्यावर "तांत्रिक बाब, लेखा विभागाशी संबंध नाही" असा शेरा येऊन ते परत आलं. दरम्यान मार्चअखेर जवळ येत होती. रोज कुणी ना कुणी निरोप आणायचं, की रक्कम खर्ची पडली नाही तर पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. स्टाफरूममध्येही लोक म्हणायला लागले, "घ्या ना मॅडम, कोण बघतंय." मुलं बघतात! पीएचपीच्या एका पुस्तकातला डेटाबेस जोडणीचा अख्खा भाग 'मायएसक्यूएल_कनेक्ट'वर होता. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७ मधून ते फंक्शनच काढून टाकलंय. एचटीएमएलचं जुनं निदान चालतं तरी. हे चालतच नाही, पहिल्याच ओळीला कोलमडतं, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच येत नाही.

सुटका केली ती ग्रंथपाल सरांनी, आणि तीही तंत्रज्ञानाचा एक शब्द न उच्चारता. ते एक प्रत घेऊन कार्यालयात गेले, भाऊंच्या टेबलावर ती पालथी ठेवली आणि बिल शेजारी ठेवलं. पुस्तकाच्या पाठीवर छापील किंमत ३५०. बिलात छापील किंमत ७९९. पुरवठादाराने भाव नव्या आवृत्तीचा लावून माल जुना पाठवला होता, आणि ती ४० टक्के सूट नव्या भावावरची होती.

भाऊ खुर्चीतून उठले. "हे ऑडिटला मी कुठल्या तोंडाने दाखवू?"

त्यांनी स्वतः फोन लावला. माझ्यासमोर कधी चढला नव्हता असा आवाज चढला. खोका परत गेला, नवी पुस्तकं मार्च संपायच्या आत आली, आणि आता ती कपाटात आहेत. मला हायसं वाटलं हे खरं, पण जी गोष्ट मुलांच्या नुकसानीने हलली नाही ती ४४९ रुपयांच्या फरकाने हलली, हे काही केल्या गिळवत नाही.

तर ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी. आयएसबीएन वेगळ्या रकान्यात लिहूच नका, तो गाळला जातो. पुस्तकाच्या नावाचाच भाग करून टाका, म्हणजे टाइप करणाऱ्याला तोडता येत नाही. हे मंजुरीच्या आधी करा. मंजूर नाव नंतर बदलायचं तर पुन्हा ठराव लागतो. ऑर्डरच्या पत्रात "आयएसबीएन न जुळल्यास पुस्तक स्वीकारले जाणार नाही" एवढं वाक्य घालून घ्या. आणि खोका आला की शिक्का मारण्याआधी प्रत्येक प्रत पालथी करून किंमत बिलाशी ताडा. कार्यालयाशी बोलायचं असेल तर त्याच भाषेत बोला.

जावास्क्रिप्टचं राहिलंच. पहिल्या चार प्रकरणांत लेट आणि कॉन्स्ट (किंमत साठवायच्या नावांसाठीचे नवे शब्द) आले नाहीत, सगळीकडे जुनं व्हार आणि डॉक्युमेंट.राइट, तर पुस्तक २०१५ च्या आधीच्या वळणाचं आहे. ठेवून द्या.

स्वस्त भारतीय आवृत्ती घेताना आतली पानं उघडून बघा. मूळ पुस्तक रंगीत आणि इथली छपाई काळीपांढरी असली, की सीएसएसच्या, म्हणजे पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या कोडच्या, रंगांच्या प्रकरणात "खालील लाल चौकट पाहा" असं लिहिलेलं असतं आणि खाली दोन करड्या चौकटी. शिवाय जाडजूड, चिकटवलेल्या बांधणीची पुस्तकं आमच्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत पान-पान सोडतात. मी मध्यम जाडीची, शिवलेल्या बांधणीची निवडली. आठशे पानांचं सर्वज्ञ पुस्तक तसंही मुलं उघडत नाहीत.

सोबत सीडी असलेलं तर घेऊच नका. एक म्हणजे सीडीचा जमाना गेल्यावर सहसा कुणी नवी आवृत्ती सीडीसकट काढत नाही, त्यामुळे ती असणं हीच जुनेपणाची खूण. दुसरं म्हणजे आमच्या एकाही संगणकाला ती घालायची सोय नाही. आणि कार्यालय म्हणतं, सीडीला दाखल क्रमांक वेगळा पडला पाहिजे.