सतरा वर्षं

4 सप्टेंबर, रात्री उशिरा

संध्याकाळी भाचीचा फोन आला. एमबीबीएसचं दुसरं वर्ष. रडत होती. "मावशी, वाचते आणि विसरते. माझ्यात तेवढं बळच नाही गं."

आज अल्बर्ट श्वाइट्झर यांचा, आफ्रिकेत दवाखाना काढणाऱ्या त्या युरोपीय डॉक्टरांचा, स्मृतिदिन आहे, म्हणून सकाळपासून ते डोक्यात होतेच. तिला त्यांचंच सांगत बसले. 1896 साली, एकविसाव्या वर्षी, त्यांनी मनाशी ठरवलं की तिशीपर्यंत विद्या आणि संगीत, पुढचं आयुष्य माणसांच्या सेवेला. आणि खरोखरच 1905 च्या ऑक्टोबरात घरच्यांना, मित्रांना पत्रं टाकली: मी डॉक्टर होणार, आफ्रिकेत जाणार. तोवर स्ट्रासबर्गला धर्मशास्त्र शिकवत होते, संगीतकार बाखवर त्यांचं पुस्तक झालं होतं. जवळची माणसं चिडली. तरी ते विद्यार्थी होऊन बाकावर बसले. शिकवणं, प्रवचनं, ऑर्गन यातलं काही सोडलं नाही. त्या वर्षांतल्या थकव्याशी झुंजणं किती भयंकर होतं, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

ज्या ख्रिस्ती मिशनतर्फे आफ्रिकेत जायचं होतं, त्या मिशनला त्यांची धर्ममतं पटत नव्हती. प्रवचन करणार नाही, माशासारखा मुका राहीन, असा शब्द देऊन ते गेले. धर्मशास्त्राच्या पंडितानं हे कबूल करावं, याच्यासमोर मला त्यांचं शांततेचं नोबेलही लहान वाटतं.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. आफ्रिकन माणूस आपला भाऊ, पण धाकटा, असं ते म्हणत. ते "धाकटा" मला फार खुपतं. ज्यांच्या गावात राहायचं त्यांना धाकटं कोणी ठरवलं?

पण 1915 च्या सप्टेंबरातली आफ्रिकेतली ती ओगोवे नदी मनातून जात नाही. बोट संथ चाललेली, प्रवासाचा तिसरा दिवस, सूर्य मावळतोय, समोर पाणघोड्यांचा कळप. कित्येक महिने शोधत होते तो विचार तिथे सापडला: जीवनाविषयी आदर. मला जगायचंय तसंच माझ्या भोवतीच्या प्रत्येक जिवाला जगायचंय. युरोपात तेव्हा महायुद्धात माणसं मरत होती, आणि त्या युद्धापायीच पुढे त्यांना आणि त्यांच्या बायकोला कैदेत राहावं लागलं.

भाचीला पाणघोडे आवडले. मग तिनं विचारलं, "दवाखाना कसा होता?"

"सुरुवातीला कोंबड्यांचं खुराडं होतं. तेच झाडूनपुसून, चुना लावून घेतलं."

"आणि तेव्हा त्यांचं वय?"

"अडतीस."

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरं, ठेवते. फार्मॅकचे, औषधशास्त्राचे, दोन धडे राहिलेत."