परतीची सोय आधी

अ‍ॅपवर ओळख झाली, फोनवर गप्पा झाल्या आणि आता शनिवारी अलिबागला भेटायचं ठरतंय. जरूर जा. एकट्या बाईला जोडीदार हवासा वाटला तर त्याचा जाब तिने कुणाला का द्यावा? फक्त एक लक्षात ठेवा. किनाऱ्यावर रात्री मनात आलं आणि निघाले, असं होत नाही. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच संध्याकाळीच थांबतात आणि भर पावसाळ्यात तर बंदच असतात. काशीदला किंवा तारकर्लीला उशिरा रिक्षा मिळेलच असं नाही. गोव्यात ओला-उबर नाहीत. अशा वेळी गाडी त्याची आणि खोलीही त्यानेच घेतलेली असली, तर नकोसं वाटलं तरी ‘आता जाणार कुठे’ म्हणून बाई थांबते. घात होतो तो इथे.

म्हणून खोली स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पैशांनी घ्या. घरमालकीण तिथेच राहते असा होमस्टे मिळाला तर उत्तम. तिच्याकडून ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर घ्या आणि साडेदहाला न्यायला यायचं त्याच्याशी दिवसाउजेडीच ठरवून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर लाइव्ह लोकेशन जास्तीत जास्त 8 तास चालतं, पण घाटात, खाडीकाठी रेंज गेली की ठिपका जागच्या जागी थांबतो. त्यामुळे भेटायला येणाऱ्याच्या गाडीचा नंबर आणि ठिकाणाचं नाव मैत्रिणीला लिहूनही पाठवा. ‘गॅस बंद केलास ना?’ असं एखादं साधं वाक्य दोघींत ठरलेलं असू द्या. ते फोनवर कानावर पडलं की तिने 112 लावायचा.

गुंगीच्या औषधाची भीती खरी आहे, पण त्याहून सर्रास वापरलं जाणारं हत्यार म्हणजे दारूच. बारमध्ये लहान पेग 30 मिलीचा, मोठा 60 चा. टेबलावर बाटली ठेवून कुणी ‘अगं, थोडीशीच’ म्हणत ग्लास भरत राहिला की हिशेब संपला. काजूच्या हंगामातला उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, लिंबू-सोड्यात सरबतासारखा उतरतो आणि चढल्याचं उशिरा कळतं. ग्लास बारवाल्याच्या हातून थेट तुमच्या हातात यायला हवा. बाथरूमला जाताना टेबलावर राहिला तर ओतून द्या. वासाने, रंगाने काही ओळखू येत नाही. एकाच पेगनंतर अर्ध्या तासात पाय लटपटले, जीभ जड झाली तर त्याच्याबरोबर ‘जरा हवा खायला’ किनाऱ्यावर मुळीच जाऊ नका. उजेडात, काउंटरपाशी बसा आणि तिथल्या माणसांना मोठ्याने सांगा.

आणि अत्याचार झालाच, तर सकाळची वाट पाहू नका. काही औषधांचा अंश साधारण 12 तासांत लघवीतूनही नाहीसा होतो. थांबवत नसेल तर पहिली लघवी स्वच्छ बाटलीत धरून ठेवा. आंघोळ करू नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा खराब होतो. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. बलात्कार पीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं खासगी रुग्णालयालाही बंधनकारक आहे. घटना अलिबागची असली तरी झिरो एफआयआर, म्हणजे हद्दीची अट नसलेली तक्रार, ठाणे शहरात किंवा रत्नागिरीत, कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते. तुम्ही दारू प्यायला होतात म्हणून तक्रार नाकारता येत नाही. आधी पोलिसांची चिठ्ठी आणा, असं रुग्णालयाने म्हटलं तर ऐकू नका. तपासणीला ती लागत नाही.