तुम्ही विचारलेत म्हणून: ‘बाई, एवढे होऊनही तुम्ही टिकलात कशा?’

हा प्रश्न गेल्या सात-आठ वर्षांत मला इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे ठरलेले उत्तरही तयार झाले आहे. ‘देवाची कृपा’ असे मी म्हणते, समोरचा माणूस मान हलवतो आणि विषय संपतो. तरुण संघातली मुले विचारतात, नाताळला पुण्या-मुंबईहून आलेले नातेवाईक विचारतात. मध्यंतरी शेजारच्या तालुक्यातल्या एका मंडळीने (म्हणजे चर्चने) तर ‘सेवेत आणि दानात विश्वासू कसे राहावे’ या विषयावर महिला मेळाव्यात साक्ष द्यायला, म्हणजे स्वतःचा अनुभव सांगायला, मला बोलावले. पाठदुखीचे कारण सांगून मी गेले नाही. पाठ दुखत होती हे खरे आहे, पण ती रोजच दुखते.

‘एवढे होऊन’ म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) एका मंडळीची सोळा वर्षे खजिनदार आहे. २०१७ च्या वार्षिक सभेत मंडळीच्याच एका पंचाने माझ्यावर पैशांच्या अफरातफरीचा आरोप केला, चौकशी झाली, हिशेब जुळला, मला निर्दोष ठरवण्यात आले आणि तरीही मी काम सोडले नाही. लोक कौतुक करतात ते या शेवटच्या ‘तरीही’चे.

दानाच्या बाबतीत मला उपदेश नको असतो, कारण तो मी बाळकडूबरोबर घेतला आहे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्ये नगरला आले, आणि पुढे त्या मिशनने खेडोपाडी बायबल सांगत फिरणाऱ्या ज्या बायबलबाया नेमल्या त्यांपैकी एक माझी आजी होती. तिचा पगार तुटपुंजा होता आणि तोही वेळेवर मिळत नसे, तरी दळण काढताना ती जोंधळ्याची एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकी आणि महिनाअखेर ते मडके पाळकाच्या (चर्चच्या धर्मगुरूच्या) घरी पोचते करी. आम्हा भावंडांना भूक असताना ते मडके भरलेले दिसायचे, हे मी विसरलेले नाही. त्यामुळे ‘तुम्हा लोकांना काय, मिशनचा पैसा येतो’ असे कोणी म्हणाले की माझे डोके फिरते. मिशनरी केव्हाच गेले. आमच्या पाळकसाहेबांचा पगार दहा-वीसच्या नोटांतून निघतो, आणि त्या नोटा मीच मोजते. कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ काढला, तेव्हा बिनपगारी सेवेचा किती गाजावाजा झाला असेल! आमच्यात बिनपगारी सेवा करणाऱ्या बायकांची मोजदाद कोणी ठेवली नाही. असो, हा माझा जुना राग आहे आणि त्याचा आजच्या प्रश्नाशी फारसा संबंध नाही.

संबंध आहे तो नोव्हेंबर २०१६ शी. त्या वर्षी आमचा हंगामाचा सण, म्हणजे पिकातला वाटा देवाला अर्पण करायचा दिवस, ६ तारखेच्या रविवारी झाला. वेदीपुढे जोंधळा, भुईमूग, लाल भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि एक करडू एवढे जमले होते, आणि उपासनेनंतर नेहमीप्रमाणे लिलाव झाला. संध्याकाळी मामांनी आणि मी पैसे मोजले. मामा म्हणजे माझ्याबरोबर दर रविवारी दान मोजणारे गृहस्थ. ते एस.टी.मध्ये एकतीस वर्षे कंडक्टर होते, आणि आजही नोटांची उभी घडी घालून त्या डाव्या हाताच्या बोटांमध्ये धरतात, म्हणजे दहाच्या एका फटीत, वीसच्या दुसऱ्या फटीत, आणि मग अंगठ्याने सरसर मोजतात. त्या दिवशीच्या कागदावर पाचशेच्या ३८ आणि शंभराच्या १४२ नोटा अशी नोंद झाली, लहान नोटा आणि चिल्लर वेगळी. खाली आम्हा दोघांच्या सह्या झाल्या. सोमवारी मला पैसे बँकेत भरायचे होते, पण भाचीचा साखरपुडा असल्यामुळे मी गेले नाही. मंगळवारी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली, तेव्हा मंडळीची पिशवी माझ्या कपाटात होती.

त्या पंचाचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. त्याच्याकडे चाळीस हजारांच्या जुन्या नोटा होत्या, त्या मंडळीच्या खात्यात दान म्हणून भरायच्या आणि पुढे इमारतीच्या खर्चाच्या नावाने त्याला परत द्यायच्या, अशी त्याची योजना होती. मी नाही म्हणाले, आणि जरा जास्तच ताठ्याने म्हणाले. (पुढच्या रविवारी अर्पणाच्या थैलीत पाचशेच्या इतक्या नोटा पडल्या की, ज्यांनी वर्षभर पन्नास रुपयांवर हात वर नेला नव्हता त्यांनाही एकदम औदार्याचा झटका आला असावा.) पंचाला नकार दिल्याची ही गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. तिचा पुढचा भाग सांगितलेला नाही.

त्याच आठवड्यात आमच्या मंडळीतली एक विधवा आजी पदराखाली आठ नोटा घेऊन माझ्या दारात आली. त्या तिने जोंधळ्याच्या कणगीत पुरून ठेवल्या होत्या, कारण मुलगा दारू पितो. बँकेत गेली असती तर मुलगा पासबुक बघणार, आणि रांगेत उभी राहिली असती तर गाव बघणार. मी मंडळीच्या पिशवीतून शंभराच्या चाळीस नोटा काढून तिला दिल्या आणि तिच्या आठ नोटा आत टाकल्या. पुढच्या रविवारी त्यांतली एक शंभराची नोट तिच्या पाकिटातून परत आली, कोपऱ्यावरच्या हळदीच्या डागावरून मी ती ओळखली. ही अदलाबदल नियमाला धरून नव्हती, पण तिच्यासाठी मी आजही तीच करीन.

मात्र कागदावरच्या ३८ नोटांच्या जागी बँकेच्या भरणा पावतीवर ५० नोटा आल्या, ४६ नव्हे. वरच्या चार माझ्या होत्या. मला औषधपाण्याची अडचण नव्हती, घरात कोणी आजारी नव्हते. मला बँकेच्या रांगेत चार-पाच तास उभे राहायचा कंटाळा आला होता, इतकेच कारण. पिशवी उघडी होती, हात आत होताच, आणि आजीच्या नोटांबरोबर माझ्या चार नोटाही आत गेल्या आणि शंभराच्या वीस बाहेर आल्या. मंडळीचा एक रुपयाही कमी झाला नाही. ३३,२०० होते आणि ३३,२०० च भरले. १५ तारखेला मी ते बँकेत भरून आले आणि विसरून गेले, खरेच विसरून गेले.

एप्रिलच्या सभेत त्या पंचाने आवाज चढवला नाही. त्याने मोजणीचा कागद आणि भरणा पावती शेजारी शेजारी धरली आणि विचारले, “शंभराच्या साठ नोटांना पाय फुटले काय?” काही लोक हसले. मला घाम फुटला. आजीचे नाव घेतले असते तर तिचा मुलगा चौथ्या बाकावर बसलेला होता. ते नाव मी घेतले नाही, याबद्दल मला स्वतःविषयी आदर वाटतो. पण नाव न घेताही ‘मी नोटा बदलून दिल्या आणि त्यांतल्या चार माझ्या होत्या’ एवढे सांगता आले असते. ते न सांगता मी म्हणाले, “मोजणीच्या कागदावर लिहिण्यात चूक झाली असेल.”

तो कागद मामांच्या अक्षरात होता.

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडले आणि त्याच क्षणी मला कळले की मी काय केले आहे. एकतीस वर्षांत एका तिकिटाचा घोळ न केलेला माणूस तिसऱ्या बाकावर बसला होता आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. मामा उठले, चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि म्हणाले, “झाली असेल. डोळ्यांना हल्ली कमी दिसते.” मग ते बसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, इतिवृत्तात ‘एकूण रक्कम जुळत असल्याने खजिनदार निर्दोष’ असे लिहिले गेले, आणि मी रडले. बायकांनी मला जवळ घेतले. खोट्या आळामुळे बाईंच्या जिवाला लागले, असे सगळ्यांना वाटले. वर्षानुवर्षे लोक ज्या प्रसंगावरून माझे कौतुक करतात तो हा.

त्यानंतर मी काम सोडले नाही, हे खरे आहे. सोडले ते देणे. आमच्याकडे प्रत्येक सभासदाला क्रमांक घातलेली मासिक दानाची पाकिटे असतात. मे २०१७ पासून मी माझे पाकीट रिकामे चिकटवून थैलीत टाकू लागले, कारण बाकावरच्या शेजारणीला हात थैलीत गेलेला दिसला पाहिजे. आणि उपासनेनंतर तेच पाकीट मामा माझ्यासमोर फाडत, आत बघत, वहीत माझ्या क्रमांकापुढे नोंद करत आणि पुढचे उचलत. एक शब्द नाही. मी समोर बसून चिल्लरीचे दहा-दहाचे ढीग लावत असे. असे चौदा महिने चालले.

तेव्हाची मी स्वतःला काय सांगत होते, ते मला लख्ख आठवते. मंडळीने मला वाऱ्यावर सोडले, मग माझ्या निवृत्तिवेतनातला दशांश तिच्या भांडारात का जावा? हा राग खोटा नव्हता. ज्या सभेत साठ जण होते तिथे एकानेही ‘बाई असे करणार नाहीत’ असे उठून म्हटले नाही, हे मी अजून विसरू शकत नाही. पण तेव्हाच्या त्या बाईला आज विचारावेसे वाटते की, बये, कोणी तसे म्हटले असते तर तू काय करणार होतीस? ती म्हणेल, चार नोटांसाठी एवढे? मंडळीचे नुकसान किती झाले ते सांग. आणि मला उत्तर देता येणार नाही, कारण नुकसान खरोखर शून्य आहे, फेडायला रक्कमच नाही. तिचे म्हणणे चूक आहे हे मला ठाऊक आहे. ते कुठे चुकते, हे मी अजून नीट मांडू शकलेली नाही.

पुन्हा देऊ कशी लागले, हे ऐकून साक्ष मागणाऱ्यांची निराशा होईल. जुलै २०१८ मध्ये मामांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आणि महिनाभर त्यांच्या जागी तरुण संघातला एक मुलगा मोजायला बसणार होता. तो पाकीट फाडून ‘बाई, तुमचे रिकामे आले’ असे मोठ्याने म्हणाला असता. म्हणून त्या महिन्यात मी पाकिटात पैसे घातले. पश्चात्तापाने नव्हे, उघडे पडू नये म्हणून. संडेस्कूलमध्ये वीस वर्षे मी मुलांकडून प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले वचन पाठ करून घेतले आहे की दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. मी अगदी भाग पडले म्हणून दिले, पुढच्या महिन्यात सवयीने दिले, आणि आजही बहुतेक महिने सवयीनेच देते. पौलाच्या मोजमापात हे बसत नाही हे मला मान्य आहे. पण पाळकाचा पगार संतोषाची वाट बघत थांबत नाही, हेही त्यालाच कोणी तरी सांगायला हवे होते.

प्रेषितांमध्ये पैशांची डबी ज्याच्याकडे होती तो येशूला दगा देणारा यहूदा होता, हे खजिनदार झाल्यापासून माझ्या मनातून कधी जात नाही. पौल मात्र यरुशलेमकडे दान पाठवताना एकट्या माणसाच्या हाती देत नाही. आपल्याला कोणी दोष लावू नये म्हणून तीत या आपल्या सोबत्याबरोबर आणखी माणसे धाडतो. मामा नसते तर मी चार नोटांवर थांबले असते का, याची खात्री मी देऊ शकत नाही.

मामांना मी सांगितले ते २०२० मध्ये. मार्चपासून चर्च बंद होते, ते उघडायला १६ नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात आम्ही घरोघरची पाकिटे गोळा करून त्यांच्या ओट्यावर बसून, तोंडाला रुमाल बांधून मोजत असू. रुमालामुळे चेहरा दिसत नव्हता, म्हणून बोलता आले असावे. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “बाई, एस.टी.त रात्री हिशेब कमी पडला की कंडक्टरने खिशातून भरायचा असतो. मी पुष्कळदा भरला आहे.” आणि लगेच, “पुढच्या वेळी रबरबँड आणा. संपलेत.”

मंडळीला मी अजून सांगितलेले नाही. तो पंच आता आमच्यात नाही. मुलाकडे राहायला गेला, आणि जाताना मला सलामही करून गेला नाही. आजी गेली. त्यामुळे आता सांगायला अडचण उरलेली नाही, हे मला कळते. येत्या वार्षिक सभेत खजिनदारपदासाठी पुन्हा माझेच नाव सुचवले जाणार आहे, आणि मी नाही म्हणेन की हो, हे आज विचाराल तर माझ्याकडे उत्तर नाही.

ती वही कपाटात आहे. परवा जुने हिशेब लावताना मी ती उघडली. सगळे आकडे मामांच्या निळ्या शाईतले आहेत. फक्त माझ्या क्रमांकापुढची चौदा शून्ये तेवढी पेन्सिलीने काढलेली आहेत.